डग्ग्याची हवा

सायकल घेतली प्रतापनगरच्या एका गार्डाकडून,
बदली होऊन निघालेल्या,
चार इंच रुंद टायरांची.
गल्लीतली पोरं म्हणाली,
काकू, हिचे पाय सुजलेत.

रावपुऱ्याच्या नाक्यावर इद्रीसभाईंनी विचारलं,
"केटली नाखूं?"
मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.
ते कॉम्प्रेसरनं ठरवलं.
चाळीस पौंड.
अंगठा रुतेना, टायरचा दगड झाला.
"हवे कडक!" म्हणाले, अभिमानानं.

घरापर्यंतचे सात गतिरोधक
मी दातांनी मोजले.
पिशवीतलं दही
ताक होऊन उतरलं.

टायरच्या कडेला उठावाची बारीक अक्षरं,
चष्मा पुसून वाचली. तिसाच्या वर नको.
नको कुठून सुरू होतं
तेवढं लिहिलेलं.
हवं किती, ते कुठेच नाही.

गेज आणलं मंगळबाजारातून.
दोन दिवसांत काटा बारावर चिकटला.
हवा घाला, बारा.
काढा, बारा.

मग एकदा दांडिया बाजारात,
जिन्याखाली दाजी खिरे तबल्यांना पुड्या चढवतात तिथे,
सायकल पायरीला टेकवली,
विचारायला नव्हे, भाजी घ्यायची होती म्हणून.
परत आले तर दाजी टायरवर बोट मारत होते.
ठण्ण.
"चढा आहे."
दाजी, तबला नाही हा.
"नाहीच. तुझ्या बापाच्या सायकलीची चाकं तबला होती,
बारीक तोंडाची, ती चढीच हवीत.
हा डग्गा.
डग्गा इतका चढवतात का कुणी?"

अडकित्त्याचं टोक त्यांनी वॉल्व्हच्या खिळ्यावर ठेवलं.
फुस्स.
बोट. कान. पुन्हा फुस्स.
"वजन किती तुझं?"
त्र्याऐंशी.
"भाजीसकट सांग."

मग मनगट टेकवून दाबलं टायरवर
आणि बोट मारलं तसा आवाज
खालून वर सरकत गेला.
धुम्म.
"पुढचा आणखी थोडा उतरव.
तू बसतेस मागच्यावर,
पुढचा नुसता वाट बघतो."
शाईचा काळा ठसा राहिला रबरावर,
काळ्यावर काळा,
मला तेवढा दिसायचा.

रविवारी सेवासीवरून सिंधरोटला गेले.
डांबर होतं तोवर ठीक.
महीच्या वाळूत शिरले आणि चाक
थांबलंच, हट्टी रेड्यासारखं.
दाजी नव्हते. अडकित्ता नव्हता.
अंबाड्यातला आकडा काढला,
टायरजवळ उकिडवी बसले,
कान लावला. धुम्म.
थोडी सोडली. धूम.
आणखी. मग नुसताच धू,
त्याच्याही खाली जायची भीती वाटली
तिथे थांबले.
टायर पसरला होता, उंटाच्या तळव्यासारखा.

आणि चालली.
कशी चालली म्हणून सांगू,
टरबुजांच्या वाडीतला कुत्रा भुंकायचं विसरून
बरोबर धावत राहिला.
काठाशी थांबून मागे पाहिलं.
पंजाभर रुंद माग,
आणि उथळ इतका
की शेजारची टिटवीची पावलं
त्याहून खोल होती.
त्र्याऐंशी किलो बाई
इथून गेलीय, असं
वाळूला सांगता आलं नसतं.

परतीला हातपंप.
वाडीवरचा पोरगा गुजरातीत मोजत होता,
नेवुंपर्यंत मोजून कंटाळला.
मी नाही कंटाळले.
खांदा भरून आला, टायर भरेना,
रुंद पोटाला हवा लागते फार
आणि दाब लागतो थोडा,
हे पंप मारणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही.

नवं गेज अजून आणलेलं नाही.
निघताना बोट मारते.
आज ऊन आहे, रस्ता तापलेला,
कॅरिअरवर पोरानं बांधून दिलेलं
चार किलोचं टरबूज.
धुम्म.
मागच्याला अजून वीस हात.